काठवटीतला संगम

तानाबाईनं काठवट उपडी केली आणि गल्लीनं श्वास रोखला.

पाणी पडलं नाही.

काठवटीत तीन बोटं पाणी होतं. इतकं नितळ, की बुडाच्या लाकडाची रेघ न् रेघ दिसत होती. पाण्यात चांदीच्या चिमुकल्या पादुका आणि औदुंबराचं एक वाळकं पान. काठवट उलटी झाली तरी ना पादुका हलल्या, ना थेंब गळला. कुठली तरी म्हातारी हुंदका देऊन रडली आणि मग "गुरुदेव दत्त!" असा गजर उठला, की समोरच्या चिंचेवरचे कावळे भेदरून उडाले. कोल्हापुरातून कारखान्याची पाळी संपवून आलेले गडी सायकली भिंतीला टेकवून, घामट सदऱ्यानिशी रांगेत उभे राहिले.

एवढ्या गर्दीत एकच तोंड मिटलेलं होतं. झुंबरबाईचं. तिचं पाण्याकडं लक्षच नव्हतं. ती तानाबाईच्या पायांकडं बघत होती. त्या पायांवर बायका डोकी टेकत होत्या. तानीच्या पायांवर! जिला लग्न होऊन आल्यावर भाकरी थापायला झुंबरबाईनं शिकवलं, जिच्या भाकरीला अजून धड पापुद्रा सुटत नाही, त्या तानीच्या!

झुंबरबाई थोरली जाऊ. गडमुडशिंगीच्या त्या गल्लीत सुपारी फुटो की बारसं ठरो, पहिलं बोलावणं तिला. आणि आता एका बाबाच्या पायी तो मान तिच्या अंगणातून उठून तानीच्या अंगणात जाऊन बसला होता. दाणे मालकिणीचे खावेत आणि अंडं शेजारी घालावं, त्या कोंबडीसारखा.

बाबाचं नाव संगमनाथ. तानाबाईच्या सोप्यात, घराच्या पुढच्या खोलीत, त्यानं मुक्काम ठोकला होता. पुढ्यात तांब्याचे दोन घागरीएवढे तांबे, एकाला तो कृष्णा म्हणे, दुसऱ्याला पंचगंगा. "नरसोबाच्या वाडीला संगम होतो तो डोळ्याला दिसतो," बाबा डोळे मिटून सांगे. "माझ्या वाटीत होतो तो भक्तीला दिसतो. भक्ती खरी, तर पाणी थिजेल. भक्ती खोटी, तर पाणी पेटेल!" बोलताना तो दोन्ही हात वर करी. बोटांवर लाल चट्टे होते. ते म्हणे तपाच्या आगीचे. बायका चट्ट्यांच्याही पाया पडत.

हे सगळं चाललं होतं हंबीररावासाठी. हंबीरराव तानाबाईचा नवरा, झुंबरबाईचा धाकटा दीर. झुंबरबाई सून म्हणून आली तेव्हा तो नाक गळणारं पोर होता. तिनंच त्याला न्हाऊ घातलं, मोठा केला. त्याला साखरेचा आजार होता, रोज सुई टोचून घ्यावी लागे. अंगठ्याला चप्पल लागून जखम झाली ती भरेना. बाबा म्हणाला, "सुई टोचल्या अंगात देव उतरत नाही. सात गुरुवार काढा. दर गुरुवारी बोटभर तीर्थ ओतू. सातव्याला काठवट काठोकाठ भरेल, तुमचं अंग निर्मळ होईल." सुई बंद झाली. तीन गुरुवार झाले होते.

खरं तर झुंबरबाईला राग यायला हवा होता तो सुई बंद केल्याचा. तिला आला भलत्याच गोष्टीचा. देव उतरला तो तानीच्या काठवटीत का?

घरात सासूची काठवट होती. बाभळीची, कोपरापासून बोटांपर्यंत रुंद, अख्खी मूठ बुडेल एवढी खोल. सासूनं जाताना ती थोरलीच्या हातात दिली होती. पुढच्या गुरुवारी झुंबरबाईनं ती घासूनपुसून डोक्यावर घेतली आणि तानाबाईच्या सोप्यात बाबापुढं आदळली.

"ह्यात उतरवा देव."

"माई, ओतू की. एक बोट."

"तानीच्यात किती झालं?"

"आज चौथं बोट."

"मग माझ्यात आजच पाच घाला."

तानाबाई पदराआड हसली. "आक्का, देव काय ताकाचं गाडगं हाय व्हय, मागंल तेवढं वतायला?"

"तू गप. तुझ्या काठवटीत पीठबी धड मळत न्हाय, देव कसला मळतीस!"

बाबाचा चेहरा एकदम उतरला. "नाही माई! एका वेळी एकच बोट. जास्त ओतलं तर देव कोपतो."

त्यानं दोन वाट्या कृष्णा घेतली, काकवीसारखी जाड. त्यात एक वाटी पंचगंगा. सगळी आरती संपेपर्यंत काडीनं ढवळलं आणि दोन्ही काठवटींत बोटबोटभर ओतलं. सासूच्या काठवटीत बारीक बुडबुडे वर आले. "बघा, देवाचा श्वास!" बाबा ओरडला. धुपाचा एवढा लोट, की डोळ्यांतून पाणी यावं. पण त्या लोटातूनही झुंबरबाईच्या नाकाला एक वास लागला. सुकटीचा. दत्ताच्या तीर्थाला सुकटीचा वास? तिनं नाक मुरडलं. पण मनात काठवटीचाच हिशेब होता, म्हणून त्या वासाचा विचार तिथंच राहिला.

प्रसादाची पंगत घरामागच्या परड्यात बसली. बाबाही पुरणपोळीवर गेला. सोप्यात कुणी नव्हतं. झुंबरबाई होती आणि दोन तांबे होते. दोनाला एक हे माप तिनं बघितलं होतं, आणि बघितलेलं माप तिचा हात कधी चुकला नव्हता. तिनं ढवळलं आणि काठवट काठोकाठ भरली. तानीच्या देवापेक्षा खोल देव. आता बघू कोण कुणाच्या पाया पडतंय!

पंगतीला ताक वाढायच्या आतच सोप्यातून धूर आला.

लोक धावले तेव्हा काठवटीतलं पाणी पिवळं पडलं होतं. हात लावणाऱ्यानं हात झटकला. जळका वास सुटला, आतनं तडतड आवाज आला, आणि फाटकन एक भेग काठापासून काठापर्यंत गेली. पाण्याबरोबर सासूची काठवटही उकलली.

"पापी हात!" बाबा गरजला. "मत्सराचा हात लागला! हंबीरराव, चार गुरुवार वाया गेले. आता पहिल्यापासून सात!"

सगळी गल्ली झुंबरबाईकडं वळली. हंबीरराव तेवढा रागावला नाही. भिंतीला टेकून बसला होता तो म्हणाला, "वैनी, काय केलंसा ह्ये?" आणि त्यानं पाय जवळ ओढून घेतला. फडकं सरकलं. अंगठा काळा पडला होता, पाऊल सुजून तकतकत होतं.

झुंबरबाईनं महिनाभर तानाबाईचे पाय बघितले होते. हंबीररावाचा पाय तिनं आज बघितला.

घरी आली ती उकललेली काठवट मांडीवर घेऊन बसली. कुणी फिरकलं नाही. आली ती पलीकडची सुगरा. बांगड्या भरणारी, तोंडानं तिखट, झुंबरबाईची जुनी मैत्रीण.

"आक्का, रडतीयास का शिव्या देतीयास, ते तरी सांग." असं म्हणून तिनं काठवट नाकाजवळ नेली, आणि थांबली. "अगं, ह्यो वास तर माझ्या ख्वाजाच्या सदऱ्याला येतोय की!"

ख्वाजा तिचा थोरला लेक. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतकामाचे साचे करणाऱ्या कारखान्यात होता. तो कामावरनं आला, काठवट फिरवून बघितली आणि हसायलाच लागला.

"मावशी, ह्ये तर साच्याचं रसायन. ह्याचं दोन डबं येत्यात आमच्याकडं. एक जाड रस, एक पातळ. पातळाला वास मारतोय. दोन्ही मिसळलं की आपल्या आपण तापतंय आन काचंगत घट्ट हुतंय. पण थर पातळ पायजे. एक थर बसला की मग दुसरा. जाड वतलं की आतली ऊब भाईर पडत न्हाय. मग धूर, पिवळेपणा, भेग. नव्या गड्याची हीच चूक. मी पयल्या आठवड्यात अख्खा डबा जाळलावता, मिस्त्रीनं माझ्या सात पिढ्यांची आरती ववाळली."

"म्हंजे चुना विरताना रटरटतोय तसंच?" झुंबरबाईनं विचारलं.

"अक्षी तसंच."

"आन त्यो श्वास?"

"लाकडातली हवा, मावशी." ख्वाजानं हात पुढं केला. बोटांवर लाल चट्टे. "आन तप म्हणशील, तर त्ये मीबी रोज करतोय."

झुंबरबाईला आधी गुदगुल्या झाल्या. तानीचा देव डब्यातला! उद्या चावडीवर सांगायचं! मग तो काळा अंगठा डोळ्यांपुढं आला आणि हसू विरलं. नुसतं सांगून कोण ऐकणार? म्हणतील, जळती म्हणून बोलती. आणि जळत तर ती होतीच.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ख्वाजानं मिस्त्रीला विचारून डब्यांच्या बुडातला उरलेला रस आणला. झुंबरबाई तानाबाईच्या अंगणात जाऊन उभी राहिली, एका हातात परात, दुसऱ्या हातात तुपाचा रिकामा डबा. गर्दी आपोआप जमली. भांडण बघायला बोलवावं लागत नाही.

"माझा हात पापी, हिचा पवित्तर. असंच न्हवं का वो बाबा?"

"निःसंशय!"

"मग आज हिनं डब्यात वतायचं, डबाभर. मी परातीत वतते, बोटभर. पाणी एकच, दोघींना एकाच भांड्यातलं. धूर कुणाच्या हातनं निघतोय ते गल्ली बघंल."

"त्या पाण्यावर मंत्र नाही!" बाबा घाईनं म्हणाला.

"मंतर न्हाय म्हणूनच तर दावतेय. बिनमंतराचं थिजलं, तर तुमचा मंतर कशाला पायजे?"

तानाबाई मागं सरली. झुंबरबाई तिच्याजवळ गेली. आवाज पहिल्यांदाच खाली आला. "ताने, तुझा मान तुला राहू दे. मला नको. पर हंबीरचा पाय बघ. सडतोय त्यो. मी त्याला कडंवर खेळवलाय, मला त्यो लाकडाच्या पायानं चालताना बघायचा न्हाय. वत."

तानाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. ख्वाजानं दोनाला एक मापानं रस ढवळून भांडं पुढं केलं, तसा तिनं डबा भरला. झुंबरबाईनं परातीत ओतलं. सगळे बसून राहिले. परात गुमान होती. कुणीतरी पान जुळवलं, कुणी चघळलं. पानाचा रंग चढायच्या आत डब्यातून धुराची बारीक रेघ निघाली. मग डबा एवढा तापला, की खालचं पोतं करपलं. आतला गोळा पिवळा झाला आणि तडकला. तानाबाईच्या पवित्र हाताचा.

"आगं बया," ती म्हणाली, "मी तर काल उपासबी धरलावता!"

गल्ली हसली. पहिल्यांदा हसली, आणि हसली तिथंच बाबा संपला. धूर विरल्यावर लोकांनी सोप्याकडं बघितलं, तर बाबाही विरला होता. दोन तांबे तेवढे मागं राहिले. त्यातल्या पंचगंगेचा ख्वाजानं सगळ्यांना वास दिला. पाया पडलेल्या म्हाताऱ्या नाकाला पदर लावून बाजूला झाल्या.

त्याच दुपारी हंबीररावाला टेम्पोत घालून कोल्हापूरला दवाखान्यात नेलं. अंगठा काढावा लागला. पाय वाचला. डॉक्टर म्हणाला, आणखी एक गुरुवार पाळला असता तर गुडघ्याखाली काही उरलं नसतं. सुई पुन्हा सुरू झाली. तानाबाई आता ती देव्हाऱ्यापाशी ठेवते, विसरू नये म्हणून. परातीतलं पाणी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी आरशासारखं थिजलेलं निघालं. पापी हाताचं. ते बघायला अख्खी गल्ली झुंबरबाईच्या अंगणात आली, तेव्हा ती तानाबाईला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "या, बसा. पर पाया कुणी पडू नका, माप बरूबर हुतं एवढंच."

देवाला हात जोडू नका असं कोण म्हणतंय? जोडा. पण बोटभर ओतलं तर पावतो आणि डबाभर ओतलं तर पेटतो, तो देव नव्हे, रसायन आहे. चुना रटरटतो म्हणून कुणी चुन्याची आरती करत नाही. आणि जो तुमची सुई थांबवायला सांगतो, त्याला आधी विचारा, "हे तुझ्या हातानं होतं, ते माझ्या हातानं का होणार नाही?" करून बघा. वास घ्या. मग डोकं टेका.

मत्सरानं डोळे फुटतात म्हणतात. झुंबरबाईचे फुटता फुटता उघडले, ते एका जावेमुळं. पण अशी जाऊ सगळ्यांच्याच नशिबी नसते. तेव्हा आपले डोळे आपणच उघडलेले बरे.