दोन सतरंज्या आणि लाकडी मोटारी

या, असे पुढे सरकून बसा. मागे खांबाला टेकलात की डोळा लागतो, आणि ही गोष्ट पेंगत ऐकण्याची नाही. आमच्या शहापुरात मुलांच्या लाकडी मोटारींची शर्यत अगदी न्यायाने कशी भरवली, आणि त्या न्यायाचं पुढे काय झालं, ते आज सांगतो. अंबाबाईचं नाव घ्या आणि ऐका.

तेव्हा शहापूर सांगली संस्थानात आणि शेजारचं बेळगाव इंग्रजाकडे. पण आमच्या देवळातली सरहद्द त्याहून कडक. नवरात्रात रोज रात्री कीर्तन, आणि कीर्तनाला सतरंज्या दोन. एक वरच्या गल्लीची, एक खालच्या गल्लीची. मधे वीतभर फट. कधीकाळी आरतीचं ताट आधी कोणी धरायचं यावरून भांडण झालं होतं, तेव्हापासून ही फट. दोन्ही सतरंज्यांवरून माणसं एकाच देवीला हात जोडत, पण हात जोडताना कोपर शेजारच्या सतरंजीवर जाणार नाही याची काळजी घेत.

कीर्तनाला निपाणीचे धोंडोबुवा येत. त्यांनी चिपळ्या हातात घेतल्या की रडतं मूल गप्प होई आणि पेंगणारा म्हातारा उठून बसे. तर एका दसऱ्याला बुवांनी कीर्तन संपवलं, बुक्का लावला आणि शांतपणे म्हणाले, "मंडळी, गाता गाता माझी नजर या फटीत पडते आणि अभंग तिथेच अडकतो. पुढल्या दसऱ्याला पुन्हा फट दिसली, तर मी आल्या मोटारीने निपाणीला परत जाईन. मग बोलावू नका."

हे ऐकून सगळ्यात जास्त धसका घेतला तो परशरामअण्णाने. खडेबाजारात त्याचं पितळी भांड्यांचं दुकान. गिऱ्हाइकाला तांब्या वाजवून दाखवतानासुद्धा तो बुवांच्या चालीत वाजवी. मूलबाळ नाही, व्यसन नाही. वर्षभर वाट बघायची ती बुवांची. त्याचं घर दोन गल्ल्यांच्या बरोबर कोपऱ्यावर, त्यामुळे प्रत्येक गल्ली त्याला दुसऱ्या गल्लीचा समजे. बुवा तुटले तर आपला दसरा कायमचा गेला, हे त्याला पक्कं कळलं.

तो वर्षभर डोकं चालवत राहिला. त्या दिवसांत निपाणीच्या सर्व्हिस मोटारीने पोरांना वेड लावलं होतं. जो तो लाकडाची मोटार दोरीने ओढत तोंडाने पों-पों करत फिरे. भाद्रपद संपता संपता अण्णाने देवळात बैठक बोलावली.

"मोठ्यांचं मोठ्यांस्नी मिटत न्हाय," तो म्हणाला. "पोरांच्या मोटारी पळू द्यात. देवळाच्या पायरीवरनं उतरत्या फळ्या लावू. ज्या गल्लीची मोटार आधी खाली, त्या गल्लीनं दसऱ्याला ताट आधी धरायचं. आणि मग समद्यांनी एकाच सतरंजीवर बसायचं. कबूल?"

दोन्ही गल्ल्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण दोन्ही गल्ल्यांना आपणच जिंकणार याची खात्री होती.

"मात्र न्याय झाला पाहिजे," वरच्या गल्लीचे मारुतीराव वकील उपरणं सावरत म्हणाले.

"न्यायच पायजे," खालच्या गल्लीचा आण्णाप्पा हातमागवाला म्हणाला. "तुमच्या कोर्टातला न्हवं, खरा."

पहिला नियम असा ठरला की मुलाने मोटार स्वतः करायची.

"आता 'स्वतः' म्हणजे काय?" वकिलांनी विचारलं. "मी माझं घर स्वतः बांधलं. म्हणून विटा मी रचल्या काय?"

"म्हंजे तुमच्या पोराची, शरदची मोटार सुतार करणार म्हणा की," आण्णाप्पा म्हणाला.

"शरद सांगेल, सुतार ऐकेल. मोटार शरदची."

"मग आमची पोरं बी सांगत्यात! त्यास्नी काय तोंड न्हाय?"

अशा तऱ्हेने दोन्ही गल्ल्यांच्या मुलांनी सगळ्या मोटारी एकाच सुताराकडून स्वतः केल्या. सुताराने दिवाळीची कामं बाजूला ठेवली.

मग वजन सारखं हवं असं निघालं. वरच्या गल्लीतल्या वाण्याच्या तराजूवर खालच्या गल्लीचा विश्वास नाही, खालच्या वाण्याच्या तराजूवर वरच्यांचा नाही. म्हणून प्रत्येक मोटार दोन्हीकडे तोलली. एकच मोटार दोन दुकानांत दोन वजनांची भरली. त्या दिवशी मोटारींबद्दल फारसं कळलं नाही, पण दोन्ही गल्ल्यांतल्या बायकांना आपल्या साखरेबद्दल पुष्कळ कळलं. वाण्यांनी आठवडाभर दुकानं उशिरा उघडली.

शेवटची भीती तेलाची. आदल्या दिवशी कोणी चोरून चाकाच्या आसाला तेल सोडलं तर? तेव्हा ठरलं की अष्टमीच्या संध्याकाळी सगळ्या मोटारी गाभाऱ्यात देवीपुढे ठेवायच्या आणि कुलपं दोन घालायची, एकेका गल्लीचं एकेक. पण कुलपं घातली तर पूजा कोण करणार? तेवढ्यासाठी दोन्ही किल्ल्या अक्काताई गुरविणीकडे द्यायच्या. नवरा दम्याने अंथरुणाला खिळलेला, म्हणून देवीची सेवा तीच करी. तिच्यावर दोन्ही गल्ल्यांचा सारखा विश्वास होता, कारण आजवर दोन्ही गल्ल्यांनी तिला कधी काही विचारलं नव्हतं.

"अक्काताई," वकील बोट वर करून म्हणाले, "एकाही मोटारीला कमी-जास्त काही होता कामा नये."

"व्हय साहेब," ती म्हणाली. "कमी-जास्त न्हाय हुयाचं."

दुसरा दिवस खंडेनवमीचा.

दसऱ्याच्या दुपारी देवळापुढे मुंगीला वाट नव्हती. परशरामअण्णा सकाळपासून उपाशी. बुवा संध्याकाळच्या मोटारीने येणार. तोवर शर्यत उरकून एक सतरंजी अंथरायची, एवढंच त्याच्या डोक्यात. दोन्ही कुलपं सगळ्यांदेखत उघडली. गाभाऱ्यातून मोटारी बाहेर आल्या त्या नव्या नवरीसारख्या. टपावर झेंडू, पुढे हळदीकुंकवाची बोटं. लोकांनी "वा!" केलं. शरदची मोटार एका फळीवर, आण्णाप्पाच्या बेबीची दुसऱ्या फळीवर. परशरामअण्णाने उपरणं उंच धरलं आणि "अंबाबाईचा उदो!" म्हणून खाली टाकलं.

दोन्ही मोटारी जागच्या जागी.

"ढकल रं शरद!" कोणी ओरडलं.

"ढकलायचं नाही, तो नियम आहे!" दुसऱ्या बाजूने उत्तर आलं.

दुसरी जोडी लावली. तिसरी लावली. उतरत्या फळीला मोटारी पालीसारख्या चिकटून राहिल्या. आण्णाप्पाने एक उचलून चाकाला बोट लावलं, ते हुंगलं, मग चाटलं. "आयला, गोड हाय की!"

"हा कट आहे!" वकील गरजले. "कोणी केलं हे?"

"म्या केलं," अक्काताई पायरीवर येऊन म्हणाली.

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"काल खंडेनवमी न्हवती व्हय? आण्णाप्पाच्या मागाची पूजा झाली. सुताराच्या किकऱ्याची झाली. साहेब, तुमच्या दौत-टाकाची बी तुमच्या बाईंनी केलीच असंल. मग पोरांच्या मोटारीच तेवढ्या उपाशी ठेवू? पंचामृत घातलं. एकेका चाकाला एकेक पळी. जिथं सुतार तेल सोडतोय न्हवं, बरोबर तिथं. वरच्या गल्लीला जेवढं, तेवढंच खालच्या गल्लीला. कमी-जास्त न्हाय केलं, देवीशप्पत."

दूध-दह्याने लाकूड फुगलं होतं, मधा-साखरेने आस धरले होते. सबंध शर्यतीत तंतोतंत न्याय झाला होता तो एवढाच. पूजा केलीस म्हणून देवळात उभं राहून बाईला कोण बोलणार? वकिलांनी घसा साफ केला. "पूजेला हरकत नाही. परंतु पंचामृताचं वजन नियमांत धरलेलं नव्हतं."

"मग धरा की आता," आण्णाप्पा म्हणाला. "बसा."

झालं, बैठक पुन्हा बसली. निकाल लागेपर्यंत मोटारींना कोणी हात लावायचा नाही. वरच्या गल्लीच्या मोटारी त्यांच्या सतरंजीवर, खालच्यांच्या त्यांच्या सतरंजीवर मांडल्या. मोठी माणसं बाहेर पारावर भांडायला गेली. मोटारी धुवून शर्यत घ्यावी की नवीन मोटारी कराव्यात, धुवायचं तर पाणी कोणत्या आडाचं, यावर ऊन उतरलं. पोरांनी तेवढ्यात रिकाम्या फळ्यांवरून स्वतःच घसरायला सुरुवात केली. शरद पुढे, बेबी त्याच्या पाठीला धरून मागे. कोण आधी खाली आलं हे कोणी बघितलं नाही.

परशरामअण्णा तेवढा देवीपुढे बसून होता. "आई," तो पुटपुटला, "बुवा आता वेशीवर असतील. फट हाय तशीच हाय."

निपाणीच्या मोटारीचा भोंगा वाजला तशी माणसं धावत मंडपात शिरली आणि थबकली. गाभाऱ्यात अक्काताईने मोटारींभोवती हळदीची रेघ ओढली होती, म्हणून तिथे मुंगी फिरकली नव्हती. सतरंजीवर कोण रेघ ओढणार? दोन्ही सतरंज्या काळ्याभोर झाल्या होत्या. मधली वीतभर फटसुद्धा मुंग्यांनी भरून काढली होती.

"उचला, उचला!" दोन्ही गल्ल्यांनी मिळून सतरंज्या मोटारींसकट गुंडाळून परसात नेऊन टाकल्या. वरच्या गल्लीच्या सतरंजीचं एक टोक आण्णाप्पाच्या हातात होतं, हे त्याच्या फार उशिरा लक्षात आलं.

आता बसायचं कुठे? खाली नुसती फरशी. आपली हद्द कुठे संपते ते फरशीवर कोणाला कळेना. जो तो दिसेल तिथे बसला. वकील आणि आण्णाप्पा यांचा गुडघ्याला गुडघा लागला.

"जरा सरका की, साहेब."

"कुठे सरकू? मागे तुझीच मंडळी आहे."

"मग ऱ्हावा तसंच."

धोंडोबुवा चिपळ्या घेऊन आत आले. त्यांनी फरशीवरून एकदा नजर फिरवली. परशरामअण्णा हात जोडून पुढे झाला.

"अण्णा, यंदा सतरंजी दिसत नाही ती?"

देवळात खोटं बोलायचं कसं? "बुवा, फट काढायला लई खटपट केली. न्हाय जमलं. शेवटाला मुंग्यांनी दोन्ही सतरंज्या नेल्या."

"मुंग्यांनी गल्ली विचारली का?"

"न्हाय, बुवा."

बुवा इतके हसले की पेटीवाल्याने सूर सोडला. मग त्यांनी चिपळी वाजवली, आणि त्या रात्रीसारखं कीर्तन मी पुन्हा ऐकलं नाही. आरतीची वेळ झाली. शर्यत कोणीच जिंकलेली नव्हती, तेव्हा ताट आधी कोणाच्या हातात? दोन्ही गल्ल्यांचे हात पुढे झाले. बुवांनी ताट उचललं आणि खांबाआड उभ्या असलेल्या अक्काताईच्या हातात दिलं. ती घाबरून म्हणाली, "माझी गल्ली कंची, बुवा?" बुवा म्हणाले, "म्हणूनच."

पुढे दोन्ही सतरंज्या धुवून, वाळवून, एकत्र शिवायच्या असा ठराव झाला. शहापूर विणकरांचं गाव, दोऱ्याला तोटा नाही. पण दोरा कोणत्या गल्लीतल्या मागावरचा घ्यायचा, यावर बैठका अजून चालू आहेत. तोवर आम्ही फरशीवरच बसतो. बुवा दर दसऱ्याला येतात, आणि परशरामअण्णा मनातल्या मनात प्रार्थना करतो की दोऱ्याचं एवढ्यात काही ठरू नये.

तर मंडळी, आता तीर्थ घ्या. तुमच्या तळहातावर पळीभर पडेल, शेजाऱ्याच्याही तेवढंच पडेल. ओठाला लावण्याआधी क्षणभर अक्काताई गुरविणीची आठवण करा.