उजवा कान

मंगळवारच्या तालमीत वाद्यं जुळवायला ओबोवाल्याने सूर दिला आणि धाकटीला दोन सूर ऐकू आले. एक नेहमीचा. दुसरा त्यालाच चिकटून, जरासा वर, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा.

"सूर नीट दे रे," ती म्हणाली. "चढलाय तुझा."

ओबोवाल्याने समोरच्या सूरयंत्राकडे पाहिलं आणि तो गोंधळला. "बरोबर आहे, ताई. काटा मधोमध आहे."

बाकीच्यांनी माना वळवल्या. पंधरा जणांच्या त्या वाद्यवृंदात कोणाचा सूर केसभर ढळला तरी सगळ्यात आधी भुवई उठायची ती धाकटीची. सव्वीस वर्षं ती तिथे चेलो वाजवत होती. वाद्यवृंद चालवणारा तिचा थोरला भाऊ तिला अजून धाकटीच म्हणायचा, त्यामुळे तिच्या मागे सगळेच तसं म्हणत. तोंडावर मात्र ताई.

"आज धाकटीला कोणी चहा दिला नाही वाटतं," दादा म्हणाला. सगळे हसले.

तिने केस सारखे केल्यासारखं करून उजव्या कानावर तळहात ठेवला. एकच सूर राहिला, स्वच्छ. मग डावा कान झाकला. उरला तो फक्त पत्र्याचा. हात खाली घेऊन तिने गज उचलला आणि इतरांबरोबर वाजवायला लागली.

ही तालीम शनिवारच्या कार्यक्रमाची होती. दादाने जुनी अभिजात रचना घेतली होती, पण मध्येच ती जॅझच्या चालीवर जायची आणि शेवटी गावजत्रेतल्या नाचाच्या ठेक्यावर येऊन थांबायची. या दोन वळणांमधला पूल म्हणजे चेलोचे चोवीस ठोके, एकटीने वाजवायचे. आठ महिन्यांपूर्वी दादाने ड्रम आणि बास गिटार आणली तेव्हा धाकटीने आकाशपाताळ एक केलं होतं. "रिकाम्या खुर्च्यांसमोर वाजवू, पण हा धिंगाणा नको," असं ती म्हणाली होती. दादाने ऐकलं नाही. खुर्च्या भरल्या. तेव्हापासून ड्रम तिच्या उजव्या हाताला, चार पावलांवर.

घरी गेल्यावर तिने चेलो काढला आणि खालच्या तारेपासून एकेक स्वर घेत वर गेली. खालचे स्वर ठीक होते. वर जाईल तसा प्रत्येक स्वर फाटत गेला. सर्दी असेल. मळ असेल. तिने गरम पाण्याची वाफ घेतली, कानात तेलाचे दोन थेंब टाकले. तेल नुसतंच गालावर ओघळलं. नवऱ्याने स्वयंपाकघरातून काहीतरी विचारलं, ते तिला ऐकू आलं पण कुठल्या बाजूने आलं ते कळेना. ती चुकीच्या दाराकडे वळून "हो" म्हणाली.

सांगायचं कोणाला? दादाला सांगितलं तर त्याला ते 'बघ, मी म्हटलं होतं' असं ऐकू जाणार. आणि सांगितल्यावर गोष्ट खरी होणार, ही भीती त्याहून मोठी. चेलो नसेल तर सकाळी उठून करायचं काय, हे तिला ठाऊक नव्हतं. असा विचार करायची वेळच कधी आली नव्हती.

बुधवारी तिने नजरेवर वाजवलं. पहिल्या व्हायोलिनवालीची बोटं कुठे पडतात ते पाहायचं आणि आपली बोटं सवयीने टाकायची. ठेक्यासाठी ड्रमवाल्याच्या पायाकडे पाहायचं. तालीम पार पडली. दादा म्हणाला, "आज छान जमलं." ते ऐकून ती आणखी घाबरली. आपण काय वाजवलं हे तिला माहीत नव्हतं.

गुरुवारी जिन्यात ड्रमवाला तिची वाट पाहत उभा होता. त्याला सगळे ठोक्या म्हणत.

"ताई, एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"आठ महिन्यांत तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलं नाहीत. काल सारखं माझ्या पायाकडे पाहत होतात. आणि मी उजवीकडून दोनदा हाक मारली, तुम्ही डावीकडे पाहिलंत."

धाकटीने कठडा घट्ट धरला. "लक्ष नव्हतं."

"माझे मामा असंच म्हणायचे. सकाळी उठले तर एक कान बंद. मळ म्हणून महिना घालवला. डॉक्टर म्हणाले, पहिल्या आठवड्यात आला असतात तर काहीतरी करता आलं असतं." त्याने खिशातून किल्ली काढली. "खाली गाडी आहे. आता चला."

"तालीम आहे."

"दोन तास आहेत तालमीला. चला ना, ताई."

तो आर्जव करत होता, आणि त्याच्या आवाजात तिला स्वतःचीच भीती ऐकू आली. ती त्याच्यामागून जिना उतरली.

कानाच्या दवाखान्यात तिला जाड भिंतींच्या एका लहानशा खोलीत बसवलं. कानांवर हेडफोन, हातात एक बटण. काचेपलीकडे तपासणी करणारी बाई यंत्रापाशी बसली होती. आवाज आला की बटण दाबायचं, एवढंच. डाव्या कानाचं झटकन झालं. मग उजवा.

काहीच येईना, मंगळवारचा तो पत्र्याचा आवाजही नाही. खोलीत इतकी शांतता होती की धाकटीला घशातला आवंढा ऐकू आला. काचेपलीकडे बाईचं बोट हललं. धाकटीने बटण दाबलं. पुन्हा हललं, पुन्हा दाबलं. ऐकू येत नव्हतं, पण आयुष्यभर दुसऱ्यांचे हात पाहून वेळ साधलेली ती, तिला बोट पुरत होतं.

बाई उठून आत आली. तिने धाकटीची खुर्ची भिंतीकडे वळवली.

"सगळेच करतात," ती हळूच म्हणाली. "भीती वाटते ना."

भिंतीकडे तोंड करून धाकटी बसली. बटणावर अंगठा होता. किती वेळ गेला कळलं नाही. अंगठा हललाच नाही, आणि मग तिचे खांदे हलायला लागले.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "कानाची नस सुजली असावी. का, ते बहुतेकदा कळत नाही. गोळ्या आजच सुरू करायच्या. मोठा आवाज अजिबात नको. काहींचं पूर्ण भरून येतं, काहींचं थोडं, काहींचं येत नाही."

"माझं?"

"ते आज कोणीच सांगू शकणार नाही."

ती परतली तेव्हा बाकीचे अजून यायचे होते; दादा तालमीच्या खोलीत एकटाच कागदांवर खुणा करत बसला होता. तिने उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

"मग शनिवार?" त्याच्या तोंडून निघून गेलं. निघाल्याबरोबर त्याने डोळे मिटले. मग विचारलं, "माझ्यामुळे झालं का गं?"

हो म्हणणं सोपं होतं. आठ महिने ती त्याच शब्दाची वाट पाहत होती. "डॉक्टरांनाही माहीत नाही, दादा," ती म्हणाली. "मला फार भीती वाटतेय."

तो उठला आणि तिच्या डाव्या बाजूला येऊन उभा राहिला. "मलाही," तो म्हणाला.

शनिवारी दुपारी खिडक्या लावून ती घरी बसली. तिचे चोवीस ठोके व्हायोलावाली वाजवणार होती. ती चुकावी असं धाकटीला वाटत होतं, आणि असं वाटतंय याची लाज वाटत होती. संध्याकाळी दादाचा फोन आला. तिने तो डाव्या कानाला लावला.

"खरं सांग."

"चांगलं झालं. तुझ्याइतकं नाही, पण चांगलं झालं."

फोन ठेवून ती रडली. नवरा शेजारी बसून राहिला. तेच बरं होतं.

अकराव्या दिवशी भांडं पडल्याचा आवाज उजवीकडून आला. ती जागच्या जागी थांबली. मग स्वतःच एक भांडं पाडलं, आणखी एक पाडलं. नवरा धावत आला. तिला हसू आवरत नव्हतं.

पुढे कान थोडा भरून आला, पूर्ण नाही. वरचे स्वर अजून फाटतात. दोन महिन्यांनी ती परतली तेव्हा ठोक्याने ड्रम मागच्या भिंतीपाशी नेऊन समोर काचेचा पडदा उभा केला होता, आणि आवाज अडवायला कानात घालायच्या बोळ्यांची नवी डबी तिच्या खुर्चीवर ठेवली होती. दादाने ते चोवीस ठोके तिच्यासाठी खालच्या तारांवर उतरवले होते.

"बघ, जमतं का," तो म्हणाला.

तिने कागद वाचला. तिसऱ्या ओळीत एक स्वर अजूनही उंच होता. तिने पेन्सिल मागून घेतली, तो खोडला, आणि गजाला राळ लावायला लागली.