गोल ब्रश

मत्सर सोडावा, असे संत सातशे वर्षे कानीकपाळी ओरडून सांगत आले. मेडशीच्या सोजरबाईंनी तो एका मंगळवारी सकाळी खरोखरच सोडला आणि दुपारच्या जेवणापर्यंत सोडून ठेवला.

जेवण उरकून त्या ओट्यावर आल्या, तर रुखमाबाई आणि रुपाबाई त्यांच्या दारावरून सरळ पुढे निघाल्या होत्या. पंधरा वर्षे गल्लीतल्या बायका डोके विंचरून घ्यायला सोजरबाईंच्याच ओट्यावर बसत. कोणाची सून माहेरी का राहिली, इथपासून सगळे तिथे ठरे, ठरवीत सोजरबाई.

"काहून व रुखमे, वाट चुकली का?"

"नाही जी. मनकर्णाचा बुरूश पाहून येतो जराशीक."

मनकर्णा म्हणजे धाकटी जाऊ. वाटण्या झाल्यापासून समोरच राही. तिच्या नवऱ्याने, इंद्रभानने, नागपूरहून केसांचा ब्रश आणला होता. गोल, चहूबाजूंनी काटे, गुलाबी मूठ.

"जा, जा. घोड्याचा खरारा लावून घ्या डोक्शाले!" सोजरबाई म्हणाल्या. दोघी हसल्या आणि गेल्या. हसल्या ते ठीक, पण गेल्या.

गुरुवारी मनकर्णा कापूस वेचायला गेली, तेव्हा सोजरबाई तिच्या घरात शिरल्या. माल किती हलका आहे, एवढेच पाहायचे होते. ब्रश कोनाड्यात होता. तो वरून खाली फिरवणे म्हणजे मनकर्णाची नक्कल झाली असती. सूतकताईच्या वर्गात सोजरबाईंचा टकळीवर पहिला नंबर आला होता. त्यांनी गुडघ्यापर्यंतचे केस मोकळे सोडले आणि टकळीवर सूत गुंडाळावे तसे टोकापासून कानापर्यंत ब्रशावर घट्ट गुंडाळले.

सूत उलगडते. केस उलगडेनात. तेल ओतले, ओढले, कुलदैवताला हाक मारली. ब्रश कानाशी ठाम.

कात्री हाताशी होती. पण नवरा, जगदेवराव, हयात होते, आणि सवाष्णीच्या केसाला कात्री लागली की गाव आधी नवऱ्याची तब्येत विचारायला येते. सोजरबाई पदर ओढून कोपऱ्यात बसून राहिल्या. दिवस कलता मनकर्णा परतली, तेव्हा पदरातून गुलाबी मूठ बाहेर डोकावत होती.

"हे काय करून राह्यल्या जी बाई?"

"पाहून राह्यली होती. मजबूत आहे का म्हणून."

"मंग?"

"आहे मजबूत."

मनकर्णा पायातला काटा काढायचा चिमटा घेऊन बसली, जावेचे डोके मांडीवर घेतले आणि ब्रशाचे काटे एकेक करून उपटू लागली. पंधरा वर्षांत सोजरबाईंचे डोके दुसऱ्या कोणाच्या हाती गेले नव्हते.

"आता सांगशीन गावभर."

"मी कायले सांगू?"

"सांगजो. तशाही साऱ्या तुह्याच ओट्यावर बसतात आता."

"कुठच्या बसतात जी? काल बसल्या तेवढ्याच. रुखमाबाई जाता जाता म्हणे, उद्यापासून सोजरबाईकडेच जातो. मांगतला असता तं देऊनच टाकला असता मी हा बुरूश तुमाले."

सोजरबाईंनी मान वळवायचा प्रयत्न केला. मान वळली, मनकर्णाच्या हातातला ब्रश वळला नाही.

"काहून? काय झालं?"

मनकर्णाने आणखी एक काटा उपटला.

"त्यानं उवा निघत नाहीत."