बरणीतला धनंजय

माझा नवरा धनंजय तपकीर बनवायचा, हे ऐकून शारजातल्या माझ्या मैत्रिणींना हसू फुटायचं. हसा! इंग्लंडमध्ये नदीच्या पाण्यावर चालणाऱ्या एका जुन्या गिरणीत तो ते शिकला होता. तंबाखू पिठासारखी दळायची, महिनोन्महिने मुरवायची, मग तिला लवंगेचं आणि संत्र्याच्या सालीचं तेल चोळायचं. गिऱ्हाईकं आटली, गिरणी बंद पडली. आम्ही इकडे आलो आणि रास अल खैमाच्या एका कारखान्यात तो हुक्क्याच्या तंबाखूला सफरचंदाचा वास लावू लागला. "हलवायाला पॉपकॉर्न विकायला बसवलंय," म्हणायचा.

येताना त्याने स्वतःच्या हातची शेवटची तपकीर बरणीत भरून आणली होती. शर्टांना, उशीला, आमच्या लेकीच्या, इशिताच्या दप्तरालासुद्धा तिचाच वास. त्या वासावरून मी काय कमी भांडले?

इशिता दहा वर्षांची असताना तो अचानक गेला. शर्ट धुतले गेले, उशी बदलली. बरणी मात्र मी कुणाला उघडू दिली नाही.

आता इशिता शिकायला कॅनडाला निघाली. म्हणाली, "आई, बाबांची थोडी तपकीर डबीत देशील? आय जस्ट वॉन्ट द स्मेल."

बरणी उघडून पाहिली. एसीच्या हवेत तपकीर कोरडीठाक झाली होती. नाक खुपसलं तर वास जेमतेम लागत होता. मग आठवलं, सुकलेली तपकीर गिरणीत गुलाबपाणी शिंपडून जागी करायचे. धनंजयनेच सांगितलं होतं. किती शिंपडायचं, ते मी मेलीने कधी विचारलं नाही. सुपरमार्केटमधून बाटली आणली आणि लेकीला भरभरून वास मिळावा म्हणून सढळ हाताने शिंपडलं.

संध्याकाळी झाकण काढलं, तर नुसते गुलाबजाम. धनंजय कुठेच नाही. ओट्याशी उभी राहून मी ओक्साबोक्शी रडले.

इशिताला खरं सांगणारच होते. पण तिने आल्या आल्या बरणी हातात घेतली आणि डोळे मिटून खोल श्वास घेतला. मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"येस आई," ती म्हणाली. "धिस इज बाबा. एक्झॅक्टली बाबा."

मी तिची डबी भरून दिली. तिला बापाचा वास आठवतच नव्हता. आता तो फक्त माझ्यापाशी उरला होता, आणि मी आठवायला गेले, तर मलाही गुलाबाचाच येत होता.