खंडव्याचा कारागीर

बऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यात वामन महाजनांचं मोटर भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार बसवून द्यायचं दुकान आहे. या उन्हाळ्यात तिथे खंडव्याचा एक कारागीर येऊन बसलाय, अशी बातमी पार धूलकोट गावापर्यंत गेली होती. कारागीर हाताचा पक्का, पण स्वभावाने भलताच लाजरा. मागच्या खोलीत पडद्याआड बसतो, कुणाला तोंड दाखवत नाही, आणि जळालेली मोटर अशी भरून देतो की विहिरीत सोडल्यावर पुन्हा वर काढायचं नाव नको. ऐन मे महिन्यात केळीला पाणी लागत असताना मोटर जळाली की माणसाला अन्न गोड लागत नाही. त्यामुळे लोक त्या न पाहिलेल्या माणसाला आत चहा पाठवत. धूलकोटच्या उखर्डू पाटलांनी तर त्याच्यासाठी केळीची अख्खी फणी आणून दिली होती.

हा खंडव्याचा कारागीर म्हणजे वामनरावांची मुलगी शीतल.

शीतल इलेक्ट्रिकलची इंजिनिअर. पुण्यात सहा वर्षं नोकरी केली आणि होळीच्या सुमारास दोन बॅगा घेऊन बऱ्हाणपुरातल्या लालबागच्या घरी परत आली. आल्यावर चार दिवस झोपली, पाचव्या दिवशी दुकानात गेली. वामनरावांचे हात वर्षभरापासून कापत होते. तांब्याची बारीक तार खाचेत बसवताना ती तीनदा सुटायची, मग ते तारेला शिव्या द्यायचे. शीतलने त्यांच्या हातातून तार घेतली आणि कॉइल बसवून दाखवली. लहानपणी सुट्टीत हेच बघत ती मोठी झाली होती. वामनरावांनी कॉइल उलटीसुलटी करून पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी मधल्या दारावर पडदा लावला.

पडदा लावायला कारण होतं. समाजात त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की पोरीची पुण्याची नोकरी चालू आहे, सध्या घरूनच करते, लॅपटॉपवर. पोर दिवसभर लॅपटॉपवर, तर पडद्यामागे ठोकाठोकी कोण करतं? म्हणून कारागीर जन्माला आला. एक खोटं सांभाळायला दुसरं, दुसऱ्याला तिसरं. गेल्या आठवड्यात त्या कारागिराला बायको आणि दोन मुलंही झाली होती.

सुरुवातीला शीतलला याची गंमत वाटली. गिऱ्हाईक आलं की पप्पा खोकत आणि ती बोलणं थांबवे. पण मे संपता संपता तिच्या डोक्यात तिडीक जायला लागली. मोटर तिने भरायची आणि वाहवा खंडव्याने घ्यायची, हा कुठला न्याय?

जूनमध्ये समाजाचे अध्यक्ष यादवभाऊ घरी आले. दरवर्षी दहावी-बारावीच्या मुलांचा गुणगौरव होतो, त्यात बाहेर शहरात नाव काढलेल्या एखाद्याला बोलवायची पद्धत. यंदा शीतल. विषय त्यांनीच ठरवून आणला होता, ‘महानगरातील माझे अनुभव’. शिवाय वामनरावांना शाल-श्रीफळ.

ते गेल्यावर शीतल म्हणाली, “पप्पा, मी नोकरी सोडलीय. तिथं जाऊन काय सांगू?”

“ते सोडून दुसरं सांग. पुनं कसं हाये, ऑफिस कसं हाये. मुलांले प्रेरना भेटली पाह्यजे.”

“आणि मग?”

“मंग काय? दिवाळीपर्यंत कुठी ना कुठी दुसरी नोकरी लागून जाईन. कोन्हाले काही समजनार नही.”

आई, सुमनबाई, भाजी निवडत होत्या. “एक दिवसाचा तर सवाल हाये, बेटा. लोकं विचारतात, काहून आली परत? काय सांगू मी? एवढं शिकवून पोरगी दुकानात बसली म्हनू?”

“हो. तसंच म्हण.”

सुमनबाईंनी भाजीचं ताट उचललं आणि त्या आत गेल्या.

शीतलला स्पष्ट दिसत होतं. एकदा माइकवरून पुण्याची शीतल म्हणून बोललं की दुकानातला पडदा कायमचा. मग एक तर उरलेला जन्म खंडव्याचा कारागीर होऊन काढायचा, नाही तर निमूट बॅगा भरायच्या. तिला तिचं दुकान हवं होतं, आणि तेही बाहेरच्या खुर्चीवर बसून.

“मी खोटं बोलणार नाही,” ती म्हणाली. “आधीच सांगते. नंतर म्हणू नका सांगितलं नाही म्हणून.”

वामनराव हसले. पोर रागावली की असंच बोलते, हे त्यांना ठाऊक होतं. एवढंच ठाऊक होतं, हीच त्यांची चूक.

रविवारी लालबागच्या मंगल कार्यालयात ही गर्दी. पंखे गरगरत होते, पण वारा काही खाली येत नव्हता. तिसऱ्या रांगेत धूलकोटचे उखर्डू पाटील टोपी सावरत बसले होते, त्यांच्या नातीला बारावीत छान मार्क पडले होते. आधी वामनरावांना शाल पांघरली, नारळ दिला आणि स्टेजवरच खुर्चीत बसवलं. मग यादवभाऊंनी शीतलची ओळख करून दिली. ओळखीत पुण्यावर फडकणारा बऱ्हाणपूरचा झेंडा होता, गगनभरारी होती, आणि पॅकेज तर त्यांनी स्वतःच्या मनानेच वाढवून टाकलं.

शीतलने माइक घेतला.

“पुणं चांगलं शहर आहे,” ती म्हणाली. “पहिलं वर्ष मला फार आवडलं. कुणाची पोरगी, कुठं चालली, असं कुणी विचारत नाही. एकटीनं हॉटेलात बसून पावभाजी खाल्ली तरी घरी फोन जात नाही. मुलींनो, हे सुख एकदा घेऊन बघाच. मी खोटं नाही सांगत.”

मुलींच्या रांगेत खुसखुस झाली. वामनरावांचा चेहरा खुलला. पोर मार्गावर होती.

“चौघी जणी एका फ्लॅटमध्ये राहायचो. फ्रिज एक. दह्याच्या डब्यावर आपापलं नाव लिहून चिकटवायचं, तरी दही जायचंच. पाणी टँकरचं. सकाळी ऑफिसला निघालं की सिग्नलवर इतका वेळ जायचा की शेजारच्या रिक्षावाल्याच्या घरच्या भानगडी मला पाठ झाल्या होत्या. ऑफिसात एसी, कॉफी, सगळं होतं. काम काय? मोटरी बनवणाऱ्या कंपन्यांसाठी आकड्यांचे तक्ते करायचे. मोटर दिसायची ती फक्त चित्रात. मी इंजिनिअर आहे, आणि त्या ऑफिसात सहा वर्षांत मी पान्ह्याला एकदाही हात लावला नाही.”

“प्रेरणा, बेटा, प्रेरणा,” यादवभाऊ बाजूने पुटपुटले.

“तीच सांगते, काका. एकदा आमच्या बिल्डिंगची पाण्याची मोटर जळाली. मिस्तरी काही येईना. मी खाली गेले, मोटर उघडली, बाजारातून तार आणली आणि दोन सुट्ट्या घालवून भरली. हात काळे, कपडे काळे. वरच्या मजल्यावर पाणी चढलं तसं मला रडू आलं. आनंदानं. तेव्हा कळलं की बाकीचे सगळे दिवस मला नुसता कंटाळा येत होता.”

लोक पुढच्या वाईट बातमीची वाट बघू लागले. कंटाळ्यानंतर काहीतरी घडलं असणारच. नोकरी गेली असेल, आजारपण आलं असेल, कुणी मुलगा भेटला असेल. शीतलने ते सगळे चेहरे वाचले आणि तिचा पारा चढला.

“नोकरी गेली नाही. कुणी काढलं नाही. आजारी नव्हते, कुणी फसवलं नाही. मीच सोडली, आणि मी हरून आले नाही. मी शनवाऱ्यात मोटरी भरते. खंडव्याचा कारागीर म्हणतात ना, तो मीच.”

मग तिसऱ्या रांगेत उखर्डू पाटील उभे राहिले.

“मंग माही केळी कोन्हं खाल्ली?”

“मीच खाल्ली, बाबा. गोड होती.”

हशा पिकला. उखर्डूबाबा मात्र हसले नाहीत. त्यांनी वामनरावांकडे बोट केलं. “वामनभो, मी तुले दोनदा विचारलं, आत कोन हाये. तू म्हने खंडव्याचा मानूस, दोन लेकरं हायेत त्याले. मी त्याच्या लेकरांसाठी केळी आनली. तू मले झूट बोलला?”

वामनराव खुर्चीतून उठले. शाल एका खांद्यावरून घसरली. त्यांच्या हातातला नारळ थरथरताना पहिल्या रांगेला स्पष्ट दिसत होता, आणि एरवी चारचौघांत लपवायचे तसा या वेळी त्यांनी हात लपवला नाही.

“बोललो,” ते म्हणाले. “माहे हात चालत नही आता. तार धरली जात नही. पोरगी भरते समद्या मोटरी. तुही बी तिनंच भरली.”

आजवर डॉक्टरसमोरही त्यांनी हे कबूल केलं नव्हतं. तिला धावत जाऊन त्यांना धरावंसं वाटलं, पण तेवढ्यात यादवभाऊंनी तिच्या हातातला माइक काढून घेतला.

“टाळ्या!” ते गरजले. “बंधूभगिनींनो, याला म्हणतात संस्कार! बापाचे हात थकले, म्हणून लेकीनं पुण्याची नोकरी लाथाडली! बापासाठी केवढा हा त्याग!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. सुमनबाईंनीही लावला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव आला. लोकांना सांगायला अखेर एक चांगलं कारण मिळालं होतं. पोरगी हरली नाही, आळशी नाही, पोरगी त्यागी आहे.

शीतलने टाळ्या वाजवणाऱ्या रांगांकडे पाहिलं. किती सोपं होतं! नुसतं मान खाली घालून उभं राहायचं, की तिलाही शाल मिळाली असती, आणि उद्या लोकांनी कौतुकाने मोटरी आणल्या असत्या. बिचारी बापासाठी करते म्हणून. बाप असेपर्यंत. या धुऊन इस्त्री केलेल्या खोट्याची तिला आधीच्या खोट्यापेक्षा जास्त चीड आली. तिने माइक परत घेतला, खरं तर ओढलाच.

“काका, थांबा. त्यागबिग काही नाही. पप्पांचे हात ठणठणीत असते तरी मी आले असते, आणि दुकानासाठी त्यांच्याशी रोज भांडले असते. मला हे काम आवडतं. एवढंच कारण आहे, आणि ते पुरेसं आहे.”

टाळ्या एकेक करून विझल्या.

“उद्या सोमवार. दुकान उघडलं की मी बाहेर बसणार. पोरीच्या हातची मोटर ज्याला चालत नसेल त्यानं खुशाल शेजारच्या रावेरला न्यावी. तिकडेही चांगली माणसं आहेत.”

कुणीच टाळी वाजवली नाही. यादवभाऊ कार्यक्रमपत्रिकेत पुढचं नाव शोधू लागले. सुमनबाईंचा पदर डोळ्यांशीच राहिला. उखर्डूबाबा अजून उभेच होते, बसावं की निघून जावं हे त्यांचं ठरत नव्हतं.

वामनराव शाल सावरत माइकजवळ आले. हळूच बोलायचं म्हणून ते जवळ आले होते, पण माइक चालू होता आणि सगळ्यांनी ऐकलं.

“बाहेर तं एकच खुर्ची हाये, शीतल. मंग मी कुठी बसू?”

“तुम्ही दुसरी आणा, पप्पा,” शीतल माइकवरच म्हणाली.