पाणी सोडलं

"पण तुमच्या मिस्टरांनी कबूलच केलंय की हो," वकीलबाई म्हणाल्या आणि फाइलीतल्या एका ओळीवर त्यांनी पेन्सिल टेकवली. "अगदी स्वतःच्या तोंडानं."

मी खुर्चीतून अर्धी उठले. "कुठं? दाखवा बघू."

त्यांनी दाखवलं. पण ते कोर्टाच्या भाषेत होतं, मला त्यातलं ओ की ठो कळेना. मग त्यांनीच अर्थ सांगितला. 'मी या नोकरीवर असताना पाणी सोडलं, पण खोटं लिहून देणार नाही.'

हे माझ्या शेजारी बसले होते. "असं नव्हतो म्हणालो मी," ते हळूच म्हणाले.

"मग काय म्हणाला होतात?"

"म्हणालो होतो, साहेब, मी या नोकरीवर पाणी सोडलं, पण खोटं लिहून देणार नाही."

वकीलबाई आमच्याच भाषेतल्या. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि कपाळाला हात लावला. मी मात्र गप्प बसणाऱ्यातली नाही. प्रकरण देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टाच्या दारात येऊन ठेपलं तेव्हा कुणाला तरी ही ओळ नीट वाचावीशी वाटली! आधीच्या दोन वकिलांचा मी तिथेच उद्धार केला. खोलीबाहेरचा शिपाई आत डोकावून गेला.

आमचे हे पाणीखात्यात चावीवाले. रस्त्यातल्या खड्ड्यात लांब लोखंडी चावी घालून व्हॉल्व्ह फिरवायचा आणि वस्त्यांना पाळीपाळीने पाणी द्यायचं, हे त्यांचं काम. मी इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुते. तिथे यंत्रांच्या घरघरीत ओरडल्याशिवाय ऐकू जात नाही, तोच आवाज मी घरी घेऊन येते. मी दिवसभरात जे बोलते ते कुणी लिहून घेतलं असतं तर मला एव्हाना फाशी झाली असती. हा माणूस जन्मात एकदा चिडला, आणि नेमकं तेवढंच कागदावर आलं.

झालं होतं असं. वरचा कुणी अधिकारी पाहणीला यायचा होता. टेकडीवरच्या बंगल्यांनासुद्धा कसं धो धो पाणी जातं, हे आमच्या साहेबाला दाखवायचं होतं. हे म्हणाले, "साहेब, पाइप जुना आहे, एवढा दाब सोसायचा नाही." साहेब म्हणाला, "इंजिनियर तू का मी?" त्याने ह्यांच्या हातातून चावी काढून घेतली, आपल्या ड्रायव्हरच्या हातात दिली आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला लावला. खालच्या आळीच्या डोक्यावर पाइप फुटला. आळीत घड्याळजी राहायचे, ह्यांचे जिवाभावाचे मित्र. अर्धांगाने खिळलेला माणूस, खोली रस्त्यापेक्षा चार पायऱ्या खाली. खाटेवरच बुडाला.

चौकशी साहेबाच्याच मित्राकडे. कागद टाइप करून तयार ठेवलेला: 'माझ्या हातून चुकून चावी जास्त फिरली.' यावर सही कर, ताकीद देऊन सोडून देऊ. तेव्हा हे ते वाक्य बोलले. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही त्याचा अर्थ कळतो. गेली नोकरी तर गेली, आशा सोडली मी तिची. चौकशीतल्या कारकुनाने ते जसंच्या तसं लिहून घेतलं, आणि पुढे कोर्टासाठी ज्या कुणी दीडशहाण्याने त्याचं भाषांतर केलं, त्याने पाणीखात्यातल्या माणसाकडून खरंच पाणी सोडवलं. पहिल्या कोर्टाने ती कबुली धरून खात्याने केलेली बडतर्फी कायम केली. दुसऱ्या कोर्टाने तर कहर केला. 'कामगाराचा प्रामाणिकपणा वाखाणण्याजोगा आहे,' असं लिहून बडतर्फी कायम केली! पेपरात छापून आलं, चावीवाल्याची कबुली.

घड्याळजींची लेक लहानपणापासून ह्यांना काका म्हणायची. ते वाचल्यावर तिने भर रस्त्यात ह्यांना गाठलं. "माझ्या बापाला बुडवलंत!" म्हणाली. हे मान खाली घालून ऐकत राहिले. मी साहेबाचं नाव घेऊन आळीभर बोंबलत फिरले. लोक म्हणाले, बायकोच ती, नवऱ्याचीच बाजू घेणार. पोरीने आम्हाला दार बंद केलं.

"नोकरी परत मिळेल असं नाही सांगता येत," वकीलबाई म्हणाल्या.

"नोकरी नकोय. वय उलटलं माझं," हे म्हणाले. "यानं पाणी सोडलं नाही, एवढं लिहून मिळालं तर बघा. त्या पोरीला दाखवायचंय."

"मावशी, तुम्हीही ऐका. तिथं साक्षीपुरावे परत काढत नाहीत. खालच्या कोर्टानं कायद्यात चूक केली असेल तरच ऐकतात."

"आणि भाषेत चूक केली असेल तर?"

"प्रयत्न करते," त्या म्हणाल्या.

त्या कोर्टाची खोली ही एवढी उंच. आम्ही शेवटच्या बाकावर. आमच्या आधी कुणाची तरी जमीन होऊन गेली, एक खून होऊन गेला, मग आमचा पुकारा झाला. समोर दोन न्यायाधीश. डावीकडचे वयस्कर, त्यांना आमची भाषा येत नव्हती. उजवीकडचे आमच्याकडचे निघाले. वकीलबाईंनी ते वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं, आणि उजवीकडचे चक्क हसले. दुसऱ्यांकडे झुकून त्यांनी तळहात कलता करून पाणी सोडल्यासारखं केलं, अर्थ समजावून सांगितला. तेही हसले. मी ह्यांचा हात घट्ट धरला. जिंकलो, म्हटलं.

"बाई, हा वाक्प्रचार मला ठाऊक आहे," उजवीकडचे आमच्या भाषेत म्हणाले. "माझी आई उठता बसता म्हणायची. पण हा मुद्दा खालच्या कोर्टात घेतला होता का?"

"नाही, मिलॉर्ड. पण मूळ जबाब फाइलीतच होता..."

"फाइलीत होता आणि कुणी बोललं नाही. काय घडलं याबद्दल दोन्ही कोर्टांचं एकमत आहे. ते आता इथं कसं उकरायचं?"

पुढचं सगळं कोर्टाच्या भाषेत. मग पुढचा पुकारा.

त्यांना कळलं नसतं आणि त्यांनी फेटाळलं असतं, तर मी नशिबाला बोल लावून घरी आले असते. पण त्यांना कळलं होतं हो! कळून, हसून, आईची आठवण काढून फेटाळलं. अशा कळण्याला काय जाळायचंय? बाहेरच्या पायऱ्यांवर मी हे सगळं मोठ्यांदा बोलले. चार काळे कोट बाजूला सरकले.

हे मात्र शांत होते. शांत कसले, चेहरा उजळला होता त्यांचा. "अगं, त्यांना कळलं," म्हणाले.

"कळलं तर काय, आरती ओवाळू त्यांची?"

"निकालात लिहितील बघ. एखादी ओळ तरी लिहितीलच. कळलेला माणूस लिहिल्याशिवाय राहत नाही."

पुढे निकालाची प्रत आली. आमच्याकडच्या मास्तरांकडून मी ती वाचून घेतली. ढवळाढवळ करण्याजोगं काही आढळत नाही, सबब अपील फेटाळण्यात येत आहे. संपलं. त्यात ना ते वाक्य, ना ते हसू. मी मास्तरांना कागदाची मागची बाजूही बघायला लावली.

ह्यांनी ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. जेवायला उठले नाहीत. मग माझं डोकंच फिरलं. मी तशीच खालच्या आळीत गेले आणि पोरीचं दार बडवलं.

तिने दार उघडलं. बापाचं दुकान आता तीच चालवते. "काकू, कोर्टाचं मला सांगू नका. वाचलंय मी."

"कोर्ट गेलं खड्ड्यात. चौकशीत तुझे काका काय बोलले, तेवढं ऐक. नंतर लाव दार."

मी वाक्य सांगितलं. तिने चौकटीला हात टेकला.

"परत सांगा."

मी परत सांगितलं. मी वाट बघून माघारी वळले, तर माझ्यामागे तिची पावलं वाजायला लागली. सबंध रस्ताभर आम्ही दोघी एक अक्षर बोललो नाही. माझ्या बाबतीत हे खरं वाटायचं नाही कुणाला.

घरी हे उठून खुर्चीत बसले होते. तिला बघून गडबडले. ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"काका," ती म्हणाली, "मग पाणी सोडलं कुणी?"

तीन कोर्टं झाली, चौकशी झाली, केस पिकले आमचे. एवढा साधा प्रश्न कुणी म्हणजे कुणी विचारला नव्हता. साहेबाचं नाव माझ्या जिभेवर आलं. पण प्रश्न मला नव्हता. मी ओठ दाबून धरले.

हे खुर्चीतून उठले. बसून सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण ते नीट ताठ उभे राहिले, हात दोन्ही बाजूंना सरळ.

"त्या दिवशी सकाळी," ते म्हणाले, "चावी माझ्या हातात होती. मग साहेबांनी हात पुढे केला."