चुकीच्या उत्तराआडचं चित्र

“ताई, तू मुलांना एवढंच सांग. खुशाल चुका, इथे कुणी मोजत नाही. बाकीचं माझं मी बघतो.”

धाकटा भाऊ हे म्हणाला तेव्हा माझ्याच स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा होता. मुलांनी टॅबवर गणितं सोडवत शिकावं म्हणून त्याची कंपनी एक ॲप तयार करत होती. त्यासाठी त्याला माझा पाचवीचा वर्ग वर्षभर हवा होता.

“खरंच मोजणार नाही ना?” मी विचारलं.

“तुझ्याशी खोटं बोलेन का मी?”

विचारायला कारण होतं. रोज सकाळी देवापुढे बसते तेव्हा मी फार काही मागत नाही. आज माझ्या जिभेवर खोटं येऊ नये, एवढंच. हा नेम त्याला लहानपणापासून ठाऊक. फुटलेल्या बरणीचं खरं सांगून त्याला आईचा मार खायला लावणारी मीच. त्यावरून तो अजून टोमणे मारतो, “आमच्या ताईला साक्षीला नेऊ नका, आपलाच वकील रडेल.”

तर मी वर्गात सांगितलं. एकतीस मुलं टॅब छातीशी धरून ऐकत होती.

“बाई, शंभर वेळा चुकलं तरी?”

“शंभर वेळा.”

“मग हा तर पहिलाच येईल!” एकाने शेजारच्याकडे बोट दाखवलं आणि वर्ग खिदळला.

माझं काम सोपं होतं. मुलांच्या मागे बसायचं आणि कोण कसं शिकतंय ते वहीत लिहायचं. कुणी बाकाखाली बोटं मोजून मग उत्तर दाबायचा. कुणी सूचना ओठांत पुटपुटून वाचायची, आणि पुटपुटू दिलं नाही तर तिला काही उमगायचं नाही. एक मुलगा तर गणित समोर आलं की डोळेच मिटून घ्यायचा. मला वाटलं कंटाळला, पण तो आतल्या आत आकडे मांडत होता. बावीस वर्षं शिकवते आहे, पण मुलांच्या पाठीमागून एवढं कधी पाहिलं नव्हतं.

एका मुलीला सगळे टकटक म्हणत, कारण तिचं बोट पडद्यावर सारखं वाजायचं. प्रत्येक गणिताला चार उत्तरं असायची. टकटक आधी तीन चुकीची दाबायची, मग बरोबर. आठवडाभर मी वहीत लिहीत राहिले, ‘अंदाजाने दाबते.’ मग एके दिवशी तिच्या बाकाशी खाली बसले.

“अगं, उत्तर येतंय ना तुला?”

“येतंय की.”

“मग?”

तिने माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. “बाई, बरोबर दाबलं की नुसती हिरवी खूण येते आणि लगेच पुढचं गणित. चुकीचं दाबलं की चित्र उघडतं. कुठे चुकलं ते चित्रात दाखवतात. आणि प्रत्येक चुकीचं चित्र वेगळं असतं! बरोबरवाल्यांना बिचाऱ्यांना काहीच बघायला मिळत नाही.”

मी वहीतली आधीची ओळ खोडली. त्या शनिवारी भाऊ जेवायला आला तेव्हा त्याला हे सांगितलं, तर हसता हसता त्याला ठसका लागला. “ही तर आमच्या यंत्राच्या पोटात शिरली! ताई, सोनं आहे हे, सोनं.” जेवण अर्धवट टाकून त्याने ते फोनमध्ये टिपून घेतलं.

वर्ष संपत आलं. एका गुरुवारी मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला खोलीत बोलावलं. टेबलावर पाकिटांचा गठ्ठा होता.

“शनिवारी मुलांच्या हाती द्या. पालकांची सही झाली की गट पक्के.”

तीन गट होते. पुढचा, मधला आणि सावकाश. सावकाश गटात नऊ नावं होती आणि सगळ्यात वर टकटकचं नाव, त्यापुढे छापलं होतं, ‘चारपैकी सरासरी तीन उत्तरे चुकीची.’ सहावीपासून या नऊ जणांना सोपं, वेगळं गणित. तिथून परत वरच्या गटात यायची वाट कागदावर कुठेच नव्हती. खाली लिहिलं होतं, ‘वर्गशिक्षिकेच्या प्रत्यक्ष निरीक्षणानुसार’, आणि त्याखाली माझी सही. छापलेली. वर्षाच्या सुरुवातीला भावाच्या कागदावर केली होती, तीच उचललेली.

“ही मी केलेली नाही.”

“अहो, तुमच्याच भावाचं काम! तुम्हाला माहीत नव्हतं?” मोठ्या बाईंना खरंच नवल वाटलं. त्यांनी शाळेचा कंपनीशी झालेला करार काढून दाखवला. अशी गटांची यादी द्यायचं त्यात पहिल्याच कलमात होतं. तारीख पाहिली. माझ्या स्वयंपाकघरातल्या त्या दिवसाच्या दोन महिने आधीची.

मी तशीच त्याच्या कार्यालयात गेले. काचेची खोली, भिंतीवर मोठा पडदा, पडद्यावर हिरवे, पिवळे, लाल ठिपके. लाल नऊ होते.

“ताई! बस ना. पाणी घे.”

“करार आधीच झाला होता?”

तो पडद्याकडे बघत राहिला. “झाला होता.”

“मग मला तसं का सांगायला लावलंस?”

“अगं, मोजणार म्हटलं असतं तर मुलांनी एकमेकांचं बघून बरोबर उत्तरं दाबली असती. खरं काही दिसलंच नसतं. आणि दुसऱ्या कुणी सांगून त्यांना पटलं नसतं. तुझा शब्द ती मानतात.”

म्हणजे माझा नेम त्याला चांगला आठवत होता. त्याचाच त्याने उपयोग केला होता.

“आणि टकटक? तिचं तुला सगळं सांगितलं होतं.”

“घेतलंय ना अहवालात. शेवटच्या पानावर, तळटीप आहे. पण एका मुलीसाठी सगळं गणित कसं बदलू? यंत्राला चूक ती चूक.” मग म्हणाला, “ओरड तरी एकदा माझ्यावर. अशी गप्प बसू नकोस.”

मला ओरडता येत नाही. मी म्हटलं, “मला फसवलंस ते आपल्या दोघांत राहील. पण माझ्या तोंडून तू एकतीस मुलांना फसवलंस.”

“ताई, तू फार मनाला लावून घेतेस.”

मी उठले.

पाकिटं वाटायला मी नकार दिला, तर शनिवारी मोठ्या बाईंनी शिपायाकरवी वाटली. शाळा सुटल्यावर टकटक फाटकाशी उभी होती. पाकीट उघडलेलं होतं.

“बाई, तुम्ही म्हणाला होतात, मोजत नाहीत.”

“म्हणाले होते.”

तिने कागद घडी करून पुन्हा पाकिटात घातला. मग हळूच म्हणाली, “मी आता पहिल्यांदाच बरोबर दाबेन. सगळी. चित्रं नाही बघणार. मग चालेल?”

आजवर कुणी इतकं लागेल असं बोललं नव्हतं मला, आणि ती तर बिचारी सौदा करत होती. मी तिच्यासमोर खाली बसले. “तू नाही चुकलीस. मी खोटं सांगितलं. आई सही कधी करेल?”

“उद्या रात्री. सकाळी सहालाच इस्त्रीच्या दुकानात जाते ना ती.”

“मग उद्या मी सहाच्या आधी येते. आल्याशिवाय राहणार नाही.”

तिने मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला की नाही, ते कळलं नाही. ठेवला नसता तरी तिचं काही चुकलं नसतं.

रविवारी पहाटे देवापुढे बसले, पण रोजचं मागणं ओठांवर येईना. नुसतेच हात जोडले. मग कागद घेतला आणि नऊ मुलांबद्दल वहीत जे खरं लिहिलं होतं, ते एकेका मुलासाठी वेगळं उतरवून काढलं. प्रत्येकाच्या खाली लिहिलं, ‘पाकिटातलं निरीक्षण माझं नाही. कृपया सही करू नये.’ आणि सही केली, पेनाने. मोठ्या बाई रागावतील, कदाचित पुढच्या वर्षी वर्गही देणार नाहीत, हे सही करताना माहीत होतं.

फोन वाजला. भावाचा निरोप होता, ‘ताई, आज जेवायला येऊ ना?’ उत्तर न देता फोन टेबलावरच ठेवला.

नऊ घरं होती. टकटकचं पाण्याच्या टाकीमागे, सगळ्यात लांब, पण तिची आई सहाला निघणार होती. कागद पिशवीत घातले, चपला घातल्या, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि टाकीच्या दिशेने चालू लागले.